चढवायला सगळे, उतरवायला रुक्मिणी

हेडमास्तरांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत दोन मोठी माणसं एका दोरीवरून भांडत होती. बाहेर रुक्मिणी चहाचा ट्रे घेऊन उभी. शाळेत शिपाई म्हणून लागून तिला पुरता महिनाही झाला नव्हता. आत भांडण चालू असेल तर चहा न्यायचा की बाहेर थांबायचं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मग ती थांबली आणि ऐकत राहिली.

"मी या शाळेचा मुख्याध्यापक आहे, जयवंतराव. पाहुणे येत नाहीत म्हणून निरोप आलाय, तर उद्या झेंडा मीच फडकवणार."

"आणि इतकी वर्षं दोरी कोण बांधतंय? आत फुलं कोण भरतंय? पाहुणे आले की पाहुणे, नाही आले की तुम्ही. मग मी काय नुसता खांब धरायला?"

"खांब जमिनीत पुरलेला आहे. त्याला धरायची गरज नाही."

चहावर साय आली. मोठे होते ते तुळशीदास सर, हेडमास्तर. दुसरे जयवंत सर, पी.टी. शिकवणारे. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. अखेर झेंडा तुळशीदास सरांनीच फडकवला आणि जयवंत सर तोंड फिरवून सलामी देत उभे राहिले. मुलांनी बुंदीचे पुडे घेतले, मास्तरलोकांनी वेफर खाल्ले, सगळे पांगले. हेडमास्तरांना वाटलं, उतरवण्याचं जयवंत बघेल. जयवंत सरांना वाटलं, ज्याने चढवला त्याने उतरवावा. दोघं आपापला राग घेऊन घरी गेले.

रुक्मिणी बुंदीचे कागद झाडत होती. घाटकोपरच्या त्या शाळेच्या मागे पश्चिमेला डोंगर. पेपरात सूर्यास्ताची वेळ काहीही छापून येवो, शाळेपुरता सूर्य लवकर मावळतो. डोंगराची सावली पटांगण ओलांडून खांबाशी आली आणि हिने मान वर केली, तर झेंडा तिथेच. एकटा. दिवेलागणीला दोरीवर राहिलेलं धुणंसुद्धा बाई आत घेते, आणि हा तर झेंडा. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पदर खोचला आणि दोरी सोडली. घडी घालायला दुसरं माणूस नव्हतं. तेव्हा घरी नऊवारी जशी एकटीने घडी करायची तसं एक टोक हनुवटीखाली धरलं, जमिनीला लागू न देता घडी केली आणि कपाटाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी जयवंत सरांनी पेटी उघडली. "हे कोणी केलं?"

रुक्मिणीने हातातला झाडू भिंतीला टेकवला. कुर्ल्याची मिल संपात बसल्यापासून नवरा धोंडू घरी बसलेला, नोकरी हिची एकटीची. ती म्हणाली, "मीच केलंय. चुकलं काय?"

सरांनी घडी उलटसुलट पाहिली. "उतरवलात ते बरं केलंत, बाई. पण भराभर उतरवला असणार. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश. लक्षात ठेवा."

झाली नेमणूक. ऑर्डर नाही, सही नाही. तेव्हापासून सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट, वर्षातून तीन संध्याकाळी रुक्मिणी खांबाशी. चढवायला दरवेळी वेगळं माणूस. कधी नगरसेवक, कधी बँकेचे मॅनेजर, एकदा तर मालिकेतला नट आला आणि त्याने भलतीच दोरी ओढली. चढवणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि टाळ्या. उतरवणारीच्या हाताला डांबराच्या गोळीचा वास, तो दोन दिवस जात नसे. तिची तक्रार नव्हती. उलट धोंडूला ती ऐटीत सांगायची, "चढवूक काय, कोण पण चढवता."

या उतरवण्यापायी तिने बरंच काही पुढे-मागे केलं. मुलीच्या लग्नाला भटजींनी एक मेचा मुहूर्त काढला, सगळ्यांना सुट्टी, हॉल मिळत होता. रुक्मिणी म्हणाली, दुसरा बघा. व्याही रुसले. धोंडू राजावाडीच्या इस्पितळात शेवटच्या दुखण्यात पडला तेव्हा पंधरा ऑगस्ट आला. त्यानेच संध्याकाळी डोळे किलकिले करून विचारलं, "गेलंस नाय अजून? सावली येयत." ती गेली, उतरवून आली, परत त्याच्या उशाशी बसली.

आणि पोरांची एक गंमत होती. सुट्टीच्या दिवशी पटांगणावर डोंगरावरच्या चाळींतली पोरं क्रिकेट खेळत. पहिल्या एक-दोन वर्षांत रुक्मिणी झेंडा उतरवत असतानाच एक पोरगा धाव घेत तिच्या अंगावरून गेला. तिने दोरी सोडली नाही, पण मोकळ्या हाताने त्याचा कान असा धरला की त्याची धाव तिथेच पुरी झाली. "मेल्या, दोन मिंटां उभो रव. तुझा क्रिकेट पळान जाणा नाय." त्यानंतर कान धरायची वेळ आली नाही. रुक्मिणी खांबाशी येऊन सरळ उभी राहिली की खेळ आपोआप थांबायचा. बॅट काखेत, टाचा जुळलेल्या, चेंडू गटारात गेला तरी चालेल. शिट्टी नाही, हुकूम नाही. मोठी पोरं लहानांना शिकवत गेली आणि एकामागून एक पिढ्या त्या पटांगणात उभ्या राहायला शिकल्या.

रिटायर झाली तरी ती तीन संध्याकाळी येतच राहिली. नवा शिपाई अंबादास खूश. "मावशी, तुम्ही आहात तोवर माझ्या गुडघ्यांना आराम." शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका सामंत बाई, त्याही याच शाळेच्या आणि याच पटांगणातल्या. त्यांनी कधी विचारलं नाही की तुम्ही का येता.

मग गेल्या पावसाळ्यानंतर डोंगरावरची तिची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. वर्ष संपायच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या. मुलगा सिद्धेश याने बदलापूरला भाड्याने जागा बघितली. सामान बांधता बांधता रुक्मिणीच्या एकदम ध्यानात आलं, की पंधरा ऑगस्टला आपण झेंडा उतरवला तो शेवटचा होता आणि आपल्याला ते ठाऊकही नव्हतं. सव्वीस जानेवारीला आपण बदलापुरात. या गुडघ्यांनी तिथून कुठलं यायचं? दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. सिद्धेशला वाटलं, जुना फ्रिज विकू म्हटलं म्हणून रागावली.

तिसऱ्या दिवशी नात जान्हवी धापा टाकत डोंगर चढून आली. "आजी! शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून डिसेंबरात राष्ट्रपती येणार आहेत. आपल्या शाळेत! झेंडावंदन त्यांच्या हस्ते!"

सगळी चाळ राष्ट्रपतींसाठी हरखली. रुक्मिणी वेगळ्याच गोष्टीसाठी. चढणार, म्हणजे उतरवायचाही असणार. देवाने एक जादा दिला.

मग काय विचारता. शाळेसमोरचा रस्ता असा गुळगुळीत झाला की रिक्षावाले त्यावर उगाच फेऱ्या मारायला लागले. भिंतींना रंग, गटाराला झाकण, भटक्या कुत्र्यांची गाडीतून रवानगी आणि त्यांच्या जागी पोलिसांचं कुत्रं. त्याने झेंड्याचा खांब नीट हुंगला आणि काहीएक शेरा न मारता पुढे गेलं.

आदल्या दिवशी रंगीत तालीम. पेटीतला झेंडा बाहेर काढायला अंबादासने मावशींना बोलावून घेतलं होतं. तिथे मंत्रालयाकडून आलेला एक तरुण साहेब होता, केतन नावाचा, कानात वायर, हातात कार्यक्रमाचा कागद. गाडीपासून खांबापर्यंत आणि खांबापासून स्टेजपर्यंत राष्ट्रपती कसे चालतील ते त्याला बघायचं होतं. मास्तरलोक खुर्च्या लावण्यात गुंतलेले. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "आजी, जरा राष्ट्रपती होता का?"

"पगार काय देतलास?"

"चहा."

"चालात."

अशी रुक्मिणी अर्धा तास देशाची राष्ट्रपती झाली. गाडीतून उतरल्यासारखं करायचं, डावीकडे बघून हात जोडायचे, उजवीकडे बघून हात जोडायचे. हसायचं, पण दात दाखवायचे नाहीत. कोणी फुलं दिली की घ्यायची आणि लगेच मागच्याला द्यायची. आधी बसायचं नाही, मागून उठायचं नाही. पाणी मागायचं नाही, समोर येईल ते प्यायचं. राष्ट्रगीताला हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी.

"म्हणजे नव्या सुनेसारखा की रे," रुक्मिणी म्हणाली. "मी पण अशीच होतंय लग्नात. बिचारो रोज ह्या करता?"

"रोज, आजी. दिवसाला चार-चार ठिकाणी."

तिला त्या न पाहिलेल्या माणसाची माया वाटली. मग तिने मनातलं विचारलं. "आणि उतरवूचो कधी?"

"काय?"

"झेंडो. कागदात बघ. चढवणां असा, उतरवणां खंय असा?"

केतनने कागद वरून खाली पाहिला. "ते नंतर होईल ओ. आणि आता नियम बदललाय, रात्रीसुद्धा ठेवता येतो."

"ठेवूक येता, ता मान्य. सरकार म्हणता तर खोटा नाय. पण ह्या शाळेतलो कधी रातभर रवलो नाय."

तो हसला. त्याच्या कानात कोणीतरी बोलायला लागलं होतं. रुक्मिणीने सामंत बाईंना गाठलं. त्या दहा माणसांच्या घोळक्यात होत्या. "मावशी, राष्ट्रपती चारला येणार, पाचला जाणार. ते गेले की लगेच तुम्हीच उतरवा. मी सांगून ठेवते." रुक्मिणीचा जीव भांड्यात पडला.

पण मोठे पाहुणे मुंबईत वेळेवर आलेत कधी? चारचे पाच झाले. बँडवाल्या मुली उभ्या राहून राहून वाकड्या झाल्या. रुक्मिणी जान्हवीबरोबर मागच्या रांगेत, गळ्यात पास, अंगावर मुलीच्या लग्नातली जांभळी नऊवारी. समोर पटांगण भरून माजी विद्यार्थी. टक्कल पडलेले, चष्मेवाले, पोरं कडेवर घेतलेले, कोणी पुण्याहून आलेला, कोणी दुबईहून. तिला ओळखून येऊन पाया पडत होते. "मावशी, तुमचं मी डोकं खाल्लंय," असं एकाने सांगितलं. ती म्हणाली, "ता माका ठाऊक असा. तुझा नाव सांग."

शेवटी गाड्यांचा ताफा आला. राष्ट्रपती उतरले. उंच, पांढरेशुभ्र, पायात थकवा असावा पण चेहऱ्यावर नाही. डावीकडे हात जोडले, उजवीकडे जोडले, दात दाखवले नाहीत. रुक्मिणीने जान्हवीला कोपर मारलं. "बराबर करतत."

झेंडा झपकन वर गेला. फुलं पडली. राष्ट्रगीत झालं. मग ट्रस्टी बोलले, मग मंत्री बोलले, मग ट्रस्टींचं काही राहिलं होतं ते ट्रस्टी परत बोलले. अखेर राष्ट्रपती बोलायला उठले तेव्हा डोंगराची सावली पहिल्या रांगेच्या पायाशी आली होती.

रुक्मिणी उठली.

"खाली बसा, आजी," वाटेवर उभी असलेली महिला पोलीस म्हणाली.

"माका पुढे जावक व्हया."

"टॉयलेट मागच्या बाजूला आहे."

"टॉयलेटाक नाय गो. झेंडो उतरवूचो असा."

पोलीसबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारीने विमान चालवायला मागितलं. "व्हीआयपी स्टेजवर असताना खांबाजवळ कोणी जायचं नाही. ऑर्डर आहे."

तीही बिचारी चूक नव्हती. रुक्मिणीने स्टेजकडे पाहिलं, सामंत बाई राष्ट्रपतींच्या मागे, खुर्चीच्या कडेवर. अंबादासला दोन सफारीवाल्यांच्या मधे उभं केलेलं. जान्हवी पदर ओढत कुजबुजली, "आजी, बस ना. नवा नियम आहे ना? रात्री राहिला तर काही होत नाही."

"तुझा नियम बराबर," रुक्मिणी म्हणाली. "पण माझो हो शेवटचो असा."

पुढे जाता येत नव्हतं आणि बसणं तिच्याने होईना. सावली खांबाच्या बुंध्याला लागली. मग तिने जे नेहमी केलं तेच केलं. पदर खोचला, हात बाजूला सोडले आणि झेंड्याकडे तोंड करून, होती तिथेच सरळ उभी राहिली.

शेजारच्या रांगेत मोबाईल बघत बसलेला एक टकला गृहस्थ होता. त्याने मान वर केली. मावशी उभ्या. त्याचे पाय त्याला न विचारताच उभे राहिले. टाचा जुळल्या. त्याच्यापुढची दोघं उठली. मग एक अख्खी रांग. मग पलीकडची. कोणी कोणाला सांगितलं नाही. मागे वळून बघितलं की जांभळी नऊवारी दिसायची, ताठ, आणि बघणारा उठायचा. डॉक्टर उठले, रिक्षावाले उठले, दुबईचा उठला. लेकरं कडेवर घेऊन उठले. खुर्च्या सरकल्याचा आवाज मागून पुढे आला आणि मग सगळं पटांगण गप्प.

राष्ट्रपती बोलता बोलता थांबले. क्षणभर त्यांना वाटलं असेल, भाषण संपलं आणि आपल्यालाच कळलं नाही. पोलिसांचे हात कमरेला गेले. केतनने कार्यक्रमाचा कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. राष्ट्रपतींनी मागे वळून मुख्याध्यापिकांना विचारायला तोंड उघडलं, तर त्यासुद्धा उभ्या. टाचा जुळलेल्या आणि हातातली फाईल बॅटसारखी काखेत.

"क्या हुआ?" त्यांनी हळूच विचारलं. माईक चालूच होता.

सामंत बाई भानावर आल्या. "सर, शाम हो गई. हमारे यहाँ इस वक़्त मावशी झंडा उतारती हैं. चालीस साल से. वो खड़ी हो जाएँ तो..." त्यांनी उभ्या पटांगणाकडे हात केला. "तो हम सब रुक जाते हैं, सर."

"कौन मावशी?"

सगळ्या पटांगणाने मागे बघितलं. रुक्मिणीने मात्र झेंड्यावरची नजर काढली नाही.

केतन धावत आला. "सर, ये प्रोग्राम में नहीं है."

राष्ट्रपती म्हणाले, "बेटा, मेरा तो सारा काम ही यही है. झंडे के आगे मुझे भी खड़ा ही रहना है." आणि भाषणाचे कागद तिथेच ठेवून ते स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले.

पोलीसबाई बाजूला झाली. नुसती झाली नाही, तिने वाट करून दिली. खुर्च्यांमधून रुक्मिणी चालत निघाली, गुडघ्यांनी कुरकुर केली पण आज कोण ऐकतंय. जाताना एकाने डोळे पुसले, एकाने "मावशी, सावकाश" म्हटलं, तर ही म्हणते, "ता माका शिकव नको."

तिने दोरी सोडली. हाताखालून हात, हाताखालून हात. झेंडा सावकाश खाली आला, खांबावर सावली वर चढत होती त्याच चालीने. बँडवाल्या मुलींना कोणी सांगितलं नव्हतं, त्या नुसत्या उभ्या होत्या. आवाज म्हणाल तर दोरीचा.

झेंडा हातात आला. सवयीने तिने टोक हनुवटीखाली नेलं, तोच समोरून दोन लांब हात पुढे आले.

"माँजी, मैं पकड़ूँ?"

आता रुक्मिणीचं हिंदी घाटकोपर स्टेशनच्या भाजीवाल्यांपुरतं. "पकडो. लेकिन साहेब, हाथ ऊपर रखो. उसको नीचे लगने नहीं देनेका. और खींचो मत, घडी बिगडेगी."

देशाच्या राष्ट्रपतींनी हात वर केले. केतनने डोळे मिटून घेतले.

"हाँ. अभी इधर आओ. तुम्हारा टोक मेरे को दो."

ते चालत आले, टोक तिच्या हातात दिलं. घडी होताना ते हलक्या आवाजात बोलले, पण माईक नसतानाही पुढच्या चार रांगांनी ऐकलं. "ज़िंदगी भर चढ़ाता ही आया हूँ, माँजी. उतारने के लिए आज तक किसी ने बुलाया नहीं."

रुक्मिणीने त्यांच्याकडे नीट बघितलं. तालमीत वाटली होती ती माया पुन्हा दाटून आली. "थक गये होंगे," ती म्हणाली. "दिवसाला चार-चार ठिकाणी. घर जाके पाँव गरम पानी में डालो."

आणि राष्ट्रपती हसले. चांगले दात दाखवून हसले, कागदात नव्हतं तरी. मग त्यांनी घडी घातलेल्या झेंड्याला मान झुकवली, आणि त्याच्यानंतर, तेवढीच, तिला.

त्यानंतर जो टाळ्यांचा पाऊस पडला, तो डोंगरावरच्या चाळींपर्यंत ऐकू गेला म्हणतात. मेट्रोच्या पुलावरून जाणारी माणसं खिडकीशी आली. टकला गृहस्थ लहान मुलासारखा ओरडत होता, "आपली मावशी! आपली मावशी!" जान्हवीला रडू येत होतं आणि त्याच वेळी ती व्हिडिओ काढत होती, म्हणून तो व्हिडिओ हललेला आहे. सिद्धेश बदलापूरचे भाड्याचे कागद खिशात घेऊन गेटाबाहेर पोलिसांनी अडवलेला. त्याला आवाज ऐकू आला, पण त्या टाळ्या आईसाठी होत्या हे त्याला घरी येऊनच कळलं.

गाड्या गेल्या. कॅमेरेवाले रुक्मिणीला शोधत स्टेजमागे गेले, कारण मोठी माणसं स्टेजमागे असतात अशी त्यांची समजूत. ती ऑफिसात होती. कपाटाखालून तिने पेटी ओढली, जुनी डांबराची गोळी बोटाने चाचपली, झिजली होती, म्हणून नवी टाकली. झेंडा ठेवला, पांढरा पट्टा वर. पेटी सरकवली.

"मावशी," अंबादास दारात येऊन म्हणाला, "सव्वीस जानेवारीला?"

"सव्वीस जानेवारीक तुझे गुडघे काय फिरायला गेलेत?"

"सावकाश उतरवायचा ना?"

"सावकाश."

मग ती पुन्हा बाहेर आली. खांबाखाली झेंड्यातून पडलेल्या फुलांच्या पाकळ्या होत्या, काही बुटांखाली गेलेल्या. तुडवलेल्या तिने बाजूला केल्या, चांगल्या पदरात वेचल्या, आणि दर वेळेसारख्या पाण्याच्या टाकीमागच्या तुळशीच्या बुंध्याशी नेऊन ओतल्या. बादलीत तळाशी थोडं पाणी होतं. तेवढं घातलं. बादली उपडी केली आणि जान्हवीला हाक मारली, "चल गो, उशीर झालो. दूध घेवचा असा."